आमचे चोवीस व्होल्ट

लोक काय वाटेल ते म्हणोत, मी चोवीसच म्हणत होतो आणि आजही चोवीसच म्हणतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण सारी-बुलाकच्या कुरणावर या उन्हाळ्यात जे घडलं त्याच्या निदान चार वेगवेगळ्या हकिकती खाली गावात फिरताहेत आणि चारहींत मी हरलेला आहे. एका हकिकतीत तर मी ओढ्यातही पडलो आहे. मी ओढ्यात पडलो नाही. ओढ्यात पडलं ते हँडल, आणि तेही पडलं नाही, मी ते स्वतःच्या हाताने, पूर्ण विचारांती फेकलं.

मी जुमाकादीर मास्तर. आमच्या गावच्या शाळेत एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं. या एकतीस वर्षांत ओहमचा नियम मी गावातल्या प्रत्येक माणसाला एकदा तरी शिकवला असेल, आणि त्यांतल्या एकानेही तो कधी वापरल्याचं माझ्या कानावर नाही. मीही वापरला नव्हता. नोकरीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि निवृत्त झाल्यापासून जून ते सप्टेंबर मी आणि माझी बायको बुरुल्चा अकरा गाई आणि थोड्या मेंढ्या घेऊन वर कुरणावर राहतो. नमद्याचं यर्ट, म्हणजे लोकरीच्या जाड कापडाचा गोल तंबू, शेजारी ओढा, समोर डोंगर. मला दुसरं काही नको असतं.

बुरुल्चाला मात्र गेल्या सप्टेंबरात एक गोष्ट नको झाली होती. यर्ट उतरवताना, दोर सोडता सोडता ती म्हणाली, "अहो, ऐकताय का? पुढच्या वर्षी मी वर येणार नाही."

"का गं?"

"माझा खांदा गेला. तुम्ही जा, गाई न्या. मी नारीन शहरात मीरगुलकडे राहीन."

मीरगुल आमची मुलगी. तिचं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि तिथल्या खिडकीतून दुसऱ्या एका इमारतीचा चौथा मजला दिसतो. बुरुल्चा तिथे राहणार म्हणजे मीही तिथे राहणार, कारण तिच्याशिवाय कुरणावर मला चार दिवसही काढता येणार नाहीत, हे मी कबूल करतो. पोटासाठी म्हणत नाही, पोटाचं कसंही भागतं. संध्याकाळी गाई परतताना "आली बघा तुमची लंगडी" असं कोणीतरी म्हणावं लागतं.

खांदा गेला तो साय काढायच्या यंत्रामुळे. वर भांडं, मध्ये फिरणाऱ्या चकत्या, बाजूला हँडल. मिनिटाला साठ फेरे, सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. फेरे कमी पडले की हँडलमधली घंटी टिणटिण वाजते आणि सगळ्या कुरणाला कळतं की बाई दमली. अठ्ठावीस उन्हाळे बुरुल्चाने ते फिरवलं आणि मी ती घंटी क्वचितच ऐकली. त्याचा अर्थ मला तोवर कळला नव्हता.

"पुढच्या उन्हाळ्यात तू हँडलला हात लावणार नाहीस," मी म्हणालो. "विजेचं यंत्र आणतो. सूर्यावर चालणारं."

"आणि लावावा लागला तर?"

"तर त्याच दिवशी तू खाली जा. मीही येतो. गाई विकून टाकू."

"शब्द?"

"मास्तरचा शब्द."

ती हसली. मास्तर या जातीबद्दल तिचं मत फारसं चांगलं नाही.

आता मुख्य प्रश्न. सूर्याची वीज कुरणावर आणायची तर बारा व्होल्टची आणायची की चोवीसची? तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठंसं. मलाही तसंच वाटलं होतं. मी चूक केली ती एवढीच, की हे मी लग्नाच्या एका पंगतीत बोलून दाखवलं.

"बारा!" माम्बेताली तोंडातला घास न गिळताच म्हणाला. माम्बेताली आमचा कुरणावरचा शेजारी. त्याची जुनी मोटार बारा व्होल्टवर चालते, म्हणजे चालायची तेव्हा चालायची. सातवीत मी त्याला पाचपैकी दोन गुण दिले होते. "मास्तर, सगळी दुनिया बारावर आहे. दिवा बारा, रेडिओ बारा, टीव्ही बारा. तुम्ही एकटे चोवीस घेऊन काय करणार, स्वतःशीच बोलणार?"

"चोवीस," पलीकडून ताश्तान म्हणाला. हा ट्रकवाला. ट्रक चोवीसवर चालतो. यालाही मी दोनच गुण दिले होते. "बारा म्हणजे पोरखेळ हो. जनावर कितीचं ओझं ओढणार ते बघून जू घालतात."

"तुझ्या ट्रकचं जू तुझ्यापाशी ठेव. मास्तर, माझं ऐका..."

मग दोघे एकमेकांच्या गाड्यांच्या आयांपर्यंत पोचले आणि नवरदेवाच्या मामाला मध्ये पडावं लागलं. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्या विषयात मी यांना नापास केलं त्याच विषयात हे मला सल्ला देत होते, आणि पंगत माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बारा किंवा चोवीस ठरवतं ते अंतर, आणि अंतर ठरवलं ओस्मोनकूल अक्साकालनी. त्र्याऐंशी वर्षांचे, पांढरी दाढी, कुरणावरचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी सांगितलं की यर्टच्या दारासमोर काही उभं करायचं नाही, कारण दारातून सकाळ आत येते. आणि यर्टच्या माथ्यावरच्या चक्राहून उंच काही लावायचं नाही, कारण ते बरं दिसत नाही. राहिली ती मागची टेकडी, यर्टपासून सत्तर पावलं. म्हणजे पॅनेल टेकडीवर, बॅटऱ्या यर्टमध्ये, मध्ये सत्तर पावलं तार. बारा व्होल्टची वीज एवढ्या वाटेत दमते. तेवढ्याच कामाला चोवीस व्होल्टला निम्मा करंट पुरतो आणि वाटेतली गळती चौथाईवर येते. हे मी माझ्या वहीतून पडताळलं, सन एकोणीसशे शहाऐंशीच्या. म्हणून चोवीस. ताश्तान म्हणतो म्हणून नव्हे. निकाल एकच असला तरी माझी रीत बरोबर होती आणि त्याची चूक, आणि असल्या उत्तराला मी वर्गात अर्धेच गुण देत असे.

सरकारची एक योजना होती, गुराख्यांना पॅनेल अर्ध्या किमतीत. फॉर्ममध्ये 'व्होल्टेज' असा एक रकाना होता आणि त्यात आधीच '220' छापलेलं होतं. मी ते खोडून चोवीस लिहिलं. ग्रामकार्यालयातला कारकून म्हणाला, "खाडाखोड चालत नाही."

"मग नवा फॉर्म दे."

"एका नागरिकाला एकच फॉर्म."

"पण यर्टमध्ये दोनशेवीस कुठून येणार? दोनशेवीस असते तर मी पॅनेल कशाला मागितलं असतं?"

"ते मला माहीत नाही. रकान्यात आहे."

शेवटी बुरुल्चाच्या नावावर दुसरा फॉर्म घेतला आणि कागदोपत्री आमच्या नमद्याच्या घरात दोनशेवीस व्होल्ट आले. मग हवा होता दाखला, की अर्जदाराच्या पत्त्यावर वीज नाही. वीज कार्यालय म्हणालं, ज्याला आम्ही वीज देतो त्यालाच आम्ही दाखला देतो. ज्याला देत नाही त्याला आम्ही ओळखतच नाही. मार्ग एकच, की आधी विजेसाठी अर्ज करायचा, तो त्यांनी नाकारायचा, आणि नकाराचं पत्र जोडायचं.

अर्ज केला. खिडकीत बसली होती गुलसुन. एकतीस वर्षांत मी ज्यांना पाचपैकी पाच दिले अशा तीन जणांतली एक. मला पाहून ती उभीच राहिली.

"मास्तर, तुमचा अर्ज! आजच मंजूर करते."

"नको बाई. नामंजूर कर."

"असं कसं? माझ्या हाताने तुम्हाला नाही म्हणू? तुम्ही मला ट्रान्सफॉर्मर शिकवलात!"

"म्हणूनच सांगतो, नाही म्हण."

"सारी-बुलाकला खांब नेऊ, मास्तर. पाच वर्षं लागतील, सात लागतील, पण नेऊ!"

तिने मंजूर केला. आता माझ्या नावावर न आलेल्या विजेची मंजुरी होती, आणि मंजुरी असलेल्याला पॅनेल मिळत नाही. मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा टोपी हातात घेऊन म्हणालो, "गुलसुन, तू माझी आवडती विद्यार्थिनी असशील तर मला नाकार." तेव्हा तिने डोळे पुसत शिक्का मारला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'अत्यंत खेदाने'. त्या दोन शब्दांपायी जिल्ह्याच्या कार्यालयाने पत्र खाजगी ठरवून परत पाठवलं, ती हकिकत मी सांगत नाही, माझा रक्तदाब वाढतो.

शेवटी पॅनेल मिळालं, आणि या वर्षी आम्ही उशिरा, जूनच्या शेवटी, हे सगळं घेऊनच वर आलो. टेकडीवर पॅनेल, यर्टमध्ये उजवीकडे, जिथे बायकांची भांडीकुंडी असतात तिथे, एकामागे एक जोडलेल्या दोन बॅटऱ्या. प्रत्येक बारा व्होल्टची, दोन मिळून चोवीस. एक दाराजवळ, एक आतल्या बाजूला. त्यांच्यावर इन्व्हर्टर, त्यावर विजेची मोटर, आणि ती मोटर साय काढायच्या यंत्राला. बटण दाबलं आणि यंत्र घूं करून फिरू लागलं. घंटी नाही, घाम नाही. एका नळीतून साय, दुसऱ्या नळीतून पातळ दूध. बुरुल्चा हात मांडीवर ठेवून नुसती बघत बसली. मला वाटतं तिला हातांचं काय करावं ते कळेना.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी हँडल काढून घेतलं, बाहेर आलो, आणि माम्बेताली, ताश्तान, ओस्मोनकूल अक्साकाल आणि पाच-सात मंडळींच्या देखत ओढ्यात भिरकावलं. "आजपासून," मी म्हणालो, "या घरात हँडल नाही!"

"मास्तर, राहू द्यायचं होतं," ताश्तान म्हणाला. "ट्रकलासुद्धा आम्ही एक ठेवतो."

"तुझा ट्रक असेल तसला," मी म्हणालो.

यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

आता आमच्याकडची रीत. घरात नवी सून आली, नवं मूल आलं की तोंड पाहायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही. काहीतरी देतो आणि मग पाहतो. त्याला कोरुमदुक म्हणतात. ही रीत सुनांची आहे, बॅटऱ्यांची नाही. पण दुसऱ्या दिवशी माम्बेतालीची बायको वाटीभर लोणी घेऊन आली आणि बुरुल्चाला थोरल्या बहिणीसारखी हाक मारून म्हणाली, "एजे, तुमच्याकडे नवी आलीये म्हणे. तोंड दाखवा!" बुरुल्चाला हसू आवरेना. तिने लोणी घेतलं आणि बॅटऱ्यांवरचं फडकं बाजूला केलं. झालं. मग सगळं कुरण लोटलं. कोणी सुकवलेल्या दह्याच्या गोळ्या, कोणी लोकर, ताश्तानने ट्रकचे चोवीस व्होल्टचे चार दिवे, अक्साकालनी चक्क एक कोकरू. सात घरांचं कोरुमदुक आम्ही घेतलं.

आणि ज्याचं कोरुमदुक घेतलं त्याला आपल्या दारातून नाही म्हणता येत नाही. तिसऱ्या दिवशी माम्बेताली मोटारीतली उतरलेली बॅटरी खांद्यावर घेऊन हजर.

"मास्तर, एवढी जरा भरून द्या. ही भरायला नाहीतर गावात जावं लागतं, आणि गावात जायला ही भरलेली लागते."

"माम्बेताली, तुझी बारा व्होल्टची, माझे चोवीस. जाळायचीये का?"

त्याने डोकं खाजवलं. बॅटऱ्यांपुढे उकिडवा बसला. मग दाराजवळच्या बॅटरीच्या एका टोकावर बोट ठेवलं, मग दुसऱ्या टोकावर, आणि हळूच म्हणाला, "मास्तर, दोन मिळून चोवीस. मग एकट्या हिच्या दोन टोकांमध्ये... बाराच नाही का?"

मला भरून आलं. खरंच सांगतो. एकतीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतलं होतं, आणि ज्याला मी दोन गुण देऊन घरी पाठवलं तो पन्नाशीतला माणूस माझ्याच यर्टमध्ये बसून न सांगता एकसर जोडणी समजला होता! मी त्याला मिठी मारली. म्हणालो, "पाच! पाचपैकी पाच! जोड!"

त्याने जोडली. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या घरांत गेली, आणि चौथ्या दिवशी आमच्या दाराबाहेर गवतावर सात बॅटऱ्या ओळीने बसल्या होत्या, एका गाईला सात वासरं लुचावीत तशा. ती गाय म्हणजे दारातली बॅटरी. आतलीला कोणी हात लावला नाही, तारा तिथवर पोचत नव्हत्या. आणि माझ्यातला मास्तर एवढा खूश होता की माझ्यातल्या पदार्थविज्ञानाला बोलायला जागाच मिळाली नाही.

दोन आठवडे गेले. जुलैच्या मध्यावर एका सकाळी बुरुल्चाने चाळीस लिटर दूध भांड्यात ओतलं, बटण दाबलं, यंत्र घूं म्हणालं, मग ऊं म्हणालं, आणि इन्व्हर्टर असा किंचाळला की बाहेर कुत्र्याला वाटलं शीळ घालणारा मार्मोट, डोंगरातली ती लठ्ठ खार, आत घुसला. मग सगळं थांबलं.

मी मीटर लावला. आतली बॅटरी बारा पूर्णांक सहा. दारातली आठ. एक खाऊन-पिऊन टुणटुणीत, दुसरी मेल्यात जमा, आणि दोघींची मिळून बेरीज यंत्राला पुरत नव्हती.

वाईट बातमीला कुरणावर घोडा लागत नाही. दहा मिनिटांत माम्बेताली आणि ताश्तान दारात.

"बारा घेतले असते," माम्बेताली म्हणाला, "तर दोन्ही बॅटऱ्या शेजारी-शेजारी जोडल्या असत्या आणि दोघी बरोबरीने खपल्या असत्या."

त्याचं हेही बरोबर होतं. मी त्याला मनात सुद्धा गुण दिले नाहीत.

"चोवीसला नावं ठेवू नको," ताश्तान म्हणाला. "चोवीसला तू चोखलंस. तरी मी म्हटलं होतं, हँडल ठेवा."

"चोवीसच राहणार!" मी ओरडलो. "व्होल्टांची काही चूक नाही! तार सत्तर पावलं आहे! कोणाला मोजायची असेल त्याने जाऊन मोजावी!"

"पण मास्तर, दूध आंबेल."

"आंबू दे!"

तेवढ्यात मागे खडखड झालं. बुरुल्चाने रचलेल्या गाद्या-गोधड्यांत हात घातला होता आणि तळातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढत होती. हँडल.

"हे तर मी ओढ्यात फेकलं होतं," मी म्हणालो.

"गुडघाभर पाण्यात पडलं होतं. तुम्ही आत गेल्यावर लगेच काढून आणलं."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

फॉर्मचा कारकून, जिल्ह्याचं कार्यालय, पंगतीतले सल्ले, सगळं मी पचवलं होतं. हे पचेना. अडीच आठवडे ती रोज त्या गादीवर माझ्याशेजारी झोपत होती, आणि खाली हे. तिने ते यंत्रात बसवलं, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "शब्द आठवतो ना? हे फिरवते, मग सामान बांधते."

"थांब," मी म्हणालो आणि हँडल तिच्या हातातून घेतलं. "मी फिरवतो. तू हात लावायचा नाहीस, असा शब्द होता. मी लावायचा नाही, असं कुठे होतं?"

मिनिटाला साठ फेरे. पहिलं मिनिट मी ताश्तानकडे बघून फिरवलं. दुसरं मिनिट कोणाकडेच न बघता. तिसऱ्या मिनिटाला टिण वाजलं. चौथ्याला घंटी थांबेचना, आणि माझ्या खांद्यात कोणीतरी तापलेला खिळा ठोकत होतं. दारात दोन नापास विद्यार्थी टोप्या काढून उभे होते, आणि खरी गोष्ट अशी की मला त्यांची लाज वाटली नाही. मला बुरुल्चाची लाज वाटली. पाऊण तास, दोनदा, अठ्ठावीस उन्हाळे. आणि मी त्या वेळात बाहेर बसून डोंगर बघत होतो.

तिला मी तसं सांगितलंही. धाप लागली होती, म्हणून नीट सांगता आलं नाही.

"कळलं ना?" ती म्हणाली. एवढंच.

माझं दुःख संतापात उतरायला वेळ लागत नाही. मी पक्कड उचलली आणि दाराकडे निघालो. "आत्ता सगळ्या तारा कापतो. सातही. ज्याला बारा हवेत त्याने आपले बारा आणावेत."

"पक्कड खाली ठेवा," बुरुल्चा म्हणाली. "कोरुमदुक घेतलंय. लोणी खाल्लंत ना? कोकरू चरतंय ना? मग कापायचं नाही."

"मग काय करू?"

ती बॅटऱ्यांपुढे बसली. मग आतल्या बॅटरीवर हात ठेवून म्हणाली, "ही काय करते?"

"ही? ही... हिचं चांगलं चाललंय. भरलेली आहे."

"म्हणजे एका घरात दोन सुना, आणि बाहेरचं सगळं काम दारातलीने करायचं? ही आत बसून तूप खाणार? अर्ध्यांना हिच्यावर घाला की."

दोन्हींवर सारखा भार टाकला तर दोन्ही सारख्या उतरतील, सारख्या भरतील. एकसर जोडणीत सारखाच करंट. माझ्या वहीत, चौऱ्याहत्तराव्या पानावर.

"मी हेच म्हणणार होतो," मी म्हणालो.

"हो, पक्कड घेऊन," ताश्तान पुटपुटला.

आता बॅटऱ्यांची वाटणी. तुम्हाला वाटेल, तार लांब केली की झालं. पण आमच्याकडे यर्टमध्ये दारातली जागा पोराटोरांची, आतली जागा मानाची. बाहेर बोलणं फुटलं मात्र, सातही घरांना आतलीच बॅटरी हवी झाली!

"माझ्या वडिलांना कोणी कधी दारात बसवलं नाही," माम्बेताली छाती काढून म्हणाला, "तर माझ्या बॅटरीला का?"

"तुझी बॅटरी तुझ्या वडिलांच्याच वेळची आहे, म्हणून वाटत असेल," ताश्तान म्हणाला.

ओस्मोनकूल अक्साकाल काठी टेकत आले. त्यांनी दोन्ही बॅटऱ्या पाहिल्या, मला विचारलं, "मास्तर, वीज कुठली चांगली? आतली की दारातली?"

"सारखीच, अक्साकाल."

"मग माझी दारात लावा. मला घरी जायला जवळ पडतं."

त्यानंतर दाराला नाक मुरडायची कोणाची छाती झाली नाही. उलट आता अक्साकालांच्या पंगतीला बसायला मिळतं म्हणून सगळे दारातलीवर आले, आणि बुरुल्चाला पळी उगारून अर्धे आत हाकलावे लागले. ओढ्याच्या अलीकडची घरं दारात, पलीकडची आत. तीन एकीकडे, चार दुसरीकडे. माम्बेतालीची बॅटरी सगळ्यांत खादाड म्हणून ती तिघांत. शिवाय आधी दोन दिवस कोणी काहीच जोडायचं नाही, दारातलीला एकटीला उन्हात भरून निघू द्यायचं, असं मी जाहीर केलं. कोणी कुरकुरलं नाही.

"आणि दोन दिवस हे?" बुरुल्चाने हँडल वर धरलं.

मग माम्बेताली पुढे झाला, बाह्या सरसावल्या आणि यंत्रापुढे बसला. "मीच पहिली जोडली होती, एजे," तो म्हणाला. त्याने नऊ मिनिटं घंटी न वाजवता फिरवलं, माझ्या दुपटीहून जास्त, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो. त्याच्यामागे ताश्तान, त्याच्यामागे बाकीचे. दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, सात घरांतले पुरुष आमच्या यर्टमध्ये पाळीपाळीने साय काढत होते आणि आपापल्या घरी जाऊन, असं ऐकतो, बायकांशी जरा मऊ बोलत होते. बुरुल्चा बसून घंटी वाजली की ओरडायची, "काय रे, झोपलास?" सामान मात्र तिने खरोखरच बांधायला घेतलं होतं. दाराशी एक गाठोडं तयार होतं. मी त्याकडे बघायचं टाळत होतो.

त्याच दोन दिवसांत खालून कोणीतरी वीज कार्यालयाचं पत्र आणून दिलं. आमच्या दोनशेवीस व्होल्टच्या जोडणीचा वापर शून्य दिसतो, तरी मीटर बिघडला आहे काय, याचा पंधरा दिवसांत खुलासा करावा. मी पत्राच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'चोवीस' एवढंच लिहिलं आणि परत धाडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीटर लावला. दारातली बारा पूर्णांक सहा. आतली बारा पूर्णांक सात. दूध भांड्यात ओतलं. बाहेर गवतावर सात घरं उभी होती. बटण दाबायची माझी छाती होईना, म्हणून मी बुरुल्चाला म्हणालो, "तूच दाब."

तिने दाबलं. घूं. आम्ही सगळे ऐकत राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पाऊण तास. साय काढून झाली तेव्हा ताश्तान म्हणाला, "चोवीस ते चोवीसच," आणि माम्बेताली म्हणाला, "दोन बारा म्हण की," आणि मी म्हणालो, "गप्प बसा दोघेही," आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की बुरुल्चा यंत्रापाशी नाही.

ती दाराशी होती. गाठोडं सोडत होती. आतलं हँडल तिने बाहेर काढलं आणि तशीच ओढ्याकडे चालू लागली. मी मागे धावलो.

"अगं, राहू दे! असू दे एक. ट्रकवालेसुद्धा ठेवतात!"

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. उजवा खांदा दुखतो म्हणून हँडल डाव्या हातात घेतलं, अंग मागे टाकलं आणि फेकलं. माझ्यापेक्षा कितीतरी लांब. पलीकडच्या काठाजवळ, जिथे पाणी खोल आहे आणि कोणी उतरत नाही, तिथे ते पडलं.

"आता चोवीसचे अठ्ठेचाळीस करू नका म्हणजे झालं," ती म्हणाली आणि गाई सोडायला गेली.